आठवड्याची सुट्टी: आजोबांच्या दफ्तरापासून मुलाच्या लॅपटॉपपर्यंत

रामबागकर

नमस्कार मंडळी.

पूर्वी सुट्ट्या कमी होत्या, आता भरपूर झाल्या, असे एक वाक्य आपण नेहमी ऐकतो. पूर्वी निवांतपणा होता, आता तो उरला नाही, हे दुसरे. पुष्कळदा ही दोन्ही वाक्ये एकच माणूस एकाच बैठकीत बोलतो आणि त्यात काही विसंगती आहे असे कोणालाच वाटत नाही. मलाही वाटत नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी ठरतात, याचा उलगडा आपापल्या घरातल्या तीन-चार पिढ्यांकडे पाहून होतो का, हे तपासण्यासाठी हा धागा काढत आहे. सुरुवात माझ्या घरापासून करतो.

आजोबा इंदूरच्या होळकर दरबारच्या एका दफ्तरात कारकून होते. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले तेव्हा त्यांची बरीचशी नोकरी होऊन गेली होती. घरात त्यांच्याविषयी जे सांगितले जाई त्यावरून असे दिसते की त्यांची सुट्टी रविवारापेक्षा पंचांगाला अधिक बांधलेली होती. चंपाषष्ठी, शिवरात्र, रंगपंचमी, दसरा हे दिवस ते वर्षाच्या आरंभीच पाहून ठेवत, आणि रविवारी मात्र साहेबांकडून बोलावणे आले तर पगडी चढवून निमूटपणे निघत. वडील शिक्षक होते. त्यांचा रविवार आणि उन्हाळ्याची सुट्टी यांविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

मी स्वतः बँकेत होतो. आमच्या पिढीतल्या बँकवाल्यांना 'तुमचा काय, शनिवारी अर्धा दिवस' असे टोमणे फार ऐकावे लागले. शनिवारी बारा वाजता काउंटर बंद होई हे खरे. पण त्यानंतर व्हाउचरे डे-बुकात चढवायची, लेजरशी ताळा जमवायचा, आणि दहा पैशांचा फरक निघाला तर तो सापडेपर्यंत कोणीही खुर्ची सोडायची नाही, असा शिरस्ता होता. रोखपालाची किल्ली आणि अकाउंटंटची किल्ली अशा दोन्ही फिरल्याशिवाय तिजोरी बंद होत नसे, त्यामुळे एकाचे अडले की दोघांचे अडे. सहामाही क्लोजिंगला रात्री किती वाजतील हे घरी सांगण्याची पद्धतच नव्हती. पुढे १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार पूर्ण सुट्टीचा झाला, उरलेले शनिवार पूर्ण कामाचे झाले, आणि तो अर्धा दिवस इतिहासजमा झाला. त्याच्याशी शनिवारी दुपारी सराफ्यातून काही खायला घेऊन घरी येण्याची आमची सवयही गेली, परंतु ते एक असो.

आता मुलगा सुपर कॉरिडॉरवरच्या एका आयटी कंपनीत आहे. त्याला शनिवार-रविवार दोन्ही दिवस सुट्टी. सून एका खासगी रुग्णालयाच्या प्रशासनात आहे. तिची साप्ताहिक सुट्टी दर आठवड्याला बदलते आणि ती कोणत्या वारी पडणार हे दोन-तीन दिवस आधी कळते. नातवाची शाळा शनिवारी कधी असते, कधी नसते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. आजोबांपासून मुलापर्यंत कागदावरचे सुट्टीचे तास वाढतच गेले, यात शंका नाही. घटली ती सामाईक सुट्टी. घरातल्या सगळ्यांना, शेजाऱ्यांना आणि नातेवाइकांना एकाच दिवशी मोकळीक असणे ही गोष्ट माझ्या लहानपणी गृहीत होती आणि आज ती जुळवून आणावी लागते. निवांतपणा गेल्याची जी तक्रार आपण करतो, तिच्या मुळाशी तासांची कमतरता नसून हे न जुळणे आहे. आपल्या घरांतले अनुभव याला दुजोरा देतात की छेद, ते कृपया लिहावे. नुसत्या आठवणी नकोत. कोणाला कधी, कशी आणि कशामुळे सुट्टी मिळत असे ते लिहिले तर चर्चेला धरून होईल.

नियमावली

रामबागकर, विषय चांगला काढलात. कामगार कायद्याशी माझा व्यवसायाने संबंध येतो, म्हणून थोडी पार्श्वभूमी देतो.

ज्या रविवारला आपण अनादी काळापासून चालत आलेला समजतो, तो गिरणी कामगारांना भांडून मिळालेला आहे. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ही मागणी लावून धरली होती. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत स्त्री कामगारांनीही भाषणे केली, आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टीची तरतूद आली.

येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. आठवड्याची सुट्टी आधी मिळाली आणि दिवसाच्या तासांना मर्यादा नंतर आली. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांसाठी दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली, मुलांसाठी सात तासांची. प्रौढ पुरुषांसाठी काहीच नाही. गिरणी तेव्हा सूर्याबरोबर चाले, म्हणजे हिवाळ्यात दिवस लहान आणि उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांचा. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि ती नैसर्गिक मर्यादाही संपली. कापडाला तेजी होती, पंधरा पंधरा तास यंत्रे चालू लागली. त्यावर ओरड झाली, आयोग नेमला गेला, आणि १९११ मध्ये कापड गिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली. म्हणजे वीस वर्षे अशी गेली की रविवार हक्काचा होता, पण सोमवार किती वाजता संपेल हे मालकाच्या हाती होते.

त्यापुढचा प्रवास सरळ उतरता आहे: १९२२ मध्ये आठवड्याला साठ तास, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी चोपन्न, १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कायद्यात अठ्ठेचाळीसच राहिले. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ज्या नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही आकडा अठ्ठेचाळीसच आहे. चोवीस वर्षांत बारा तास उतरलेला आकडा पुढची जवळजवळ ऐंशी वर्षे जागचा हललेला नाही. मधल्या काळात पाच दिवसांचे जे आठवडे आले ते शासकीय आदेशांनी आणि करारांनी आले: केंद्र सरकारच्या कार्यालयांत १९८५ मध्ये, महाराष्ट्र शासनात २९ फेब्रुवारी २०२० पासून, आयुर्विमा महामंडळात मे २०२१ पासून. आपल्या मध्य प्रदेशात राज्य कार्यालयांना पूर्वी दुसरा आणि तिसरा शनिवार मोकळा असे. पाच दिवसांचा आठवडा आला तो कोविडच्या निमित्ताने. हे सगळे कार्यालयांचे झाले. कारखान्यातल्या किंवा दुकानातल्या माणसाला कायद्याने दुसरा दिवस कधीच दिला नाही.

इंदूरच्या बाबतीत आणखी एक लक्षात ठेवावे लागेल. ब्रिटिश हद्दीतले कायदे संस्थानांना आपोआप लागू होत नसत. त्यामुळे मुंबईचा कामगार जो रविवार कायद्याने उपभोगत होता, तो इथल्या कामगाराला दरबारच्या आणि मालकाच्या मर्जीने मिळे. रामबागकरांच्या आजोबांचा बोलावण्याचा रविवार मला त्याच व्यवस्थेचा भाग वाटतो.

पुणेकर_झालेली

एक छोटी भर. लोखंड्यांनी रविवार मागताना तो खंडोबाचा वार आहे, असा दाखला दिल्याचे सांगितले जाते. होळकरांचे कुलदैवतही खंडोबाच. त्या नात्याने तरी इंदूर दरबाराने हा रविवार आधीच द्यायला हरकत नव्हती! बाकी चर्चा वाचत आहे.

मालवामिल

रामबागकर साहेब, आपला लेख आवडला, परंतु 'सामाईक सुट्टी गृहीत होती' हे विधान रामबागेतून पाहिले तरच खरे आहे. मी परदेशीपुऱ्यात, गिरणी कामगारांच्या वस्तीत, वाढलो आणि वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. तीन पाळ्यांच्या घरात रविवार कसा असतो ते सविस्तर लिहितो, कारण ते आता सांगणारे थोडेच राहिले आहेत.

पाळी आठवड्याने बदलत असे. पहिली पाळी असेल त्या आठवड्यात वडील पहाटेच्या भोंग्याला उठून जात आणि दुपारी चहाच्या वेळेला घरी असत. तो आमच्यासाठी चांगला आठवडा. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात आम्ही शाळेतून येण्याआधी ते गेलेले असत आणि परत येत तेव्हा आम्ही झोपलेले असू, त्यामुळे सहा दिवस त्यांची सायकल तेवढी दिसे. तिसऱ्या पाळीचा आठवडा सर्वांत अवघड. शनिवारी रात्री लागलेली पाळी रविवारी सकाळी सुटे. म्हणजे हिशेबाला रविवारची सुट्टी मिळाली, पण तिची सकाळ आणि दुपार झोपेत गेली. एका खोलीच्या घरात बाप झोपलेला असताना चार मुलांनी आवाज न करता राहायचे म्हणजे आमचाही रविवार गेला. संध्याकाळी ते उठत, कानात आणि भुवयांत अडकलेले कापसाचे तंतू पुन्हा एकदा ओल्या पंच्याने पुसत, आणि दुसऱ्या दिवशी पाळी बदलायची म्हणून लवकर निजण्याची तयारी करत. जे बदली कामगार होते, म्हणजे कोणी गैरहजर राहिले तरच ज्यांना काम मिळे, त्यांच्या दृष्टीने तर सुट्टी ही नको असलेली वस्तू होती. रोज फाटकावर जाऊन उभे राहायचे आणि नाव पुकारले नाही की सुट्टी.

आमच्याकडे सामाईक म्हणावा असा काळ होता तो अनंत चतुर्दशीच्या आधीचा. गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे चित्ररथ, निघत, आजही निघतात. आपली पाळी संपली की लोक घरी न जाता झाँकीच्या मांडवात जात. कोणी सुतारकाम करी, कोणी विजेची जोडणी, कोणी नुसते खिळे धरून बसे. तीन पाळ्यांची माणसे एकमेकांना तिथेच भेटत, कारण एरवी एक आत जाताना दुसरा बाहेर पडत असे. मिरवणुकीच्या रात्री शहर जागे असे आणि दुसऱ्या दिवशी कोण कामावर येतो, कोण नाही, याकडे फार कोणी पाहत नसे.

मग गिरण्या बंद पडत गेल्या. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली आणि तिथल्या कामगारांच्या देण्याचा प्रश्न सुटायला डिसेंबर २०२३ उजाडला. या बत्तीस वर्षांत त्या घरांमधल्या आठवड्याचे काय झाले, हा प्रश्न आपल्या धाग्यात यायला हवा. कोणी रिक्षा घेतली, कोणी पहारेकऱ्याचे काम धरले, कोणी भाजीची गाडी लावली. या तिन्ही कामांत साप्ताहिक सुट्टी हा प्रकारच नाही. पाळीचा रविवार वाईट होता, पण तो पगारी होता आणि रजिस्टरात लिहिलेला होता. वडिलांच्या पिढीकडे जे होते ते मुलांच्या पिढीकडे उरले नाही. 'सुट्टीचे तास वाढतच गेले, यात शंका नाही' हे वाक्य त्यामुळे मला मान्य करता येत नाही.

शेवंती

मालवामिल यांनी लिहिले ते वाचून बरे वाटले, कारण मीही तेच म्हणणार होते, फक्त स्वयंपाकघरातून.

मी शाळेत तीस-बत्तीस वर्षे शिकवले. सोमवार ते शनिवार शाळा आणि घर अशी दोन कामे होती, रविवारी एकच; पण ते एक काम इतके मोठे असे की सोमवारी शाळेत जाऊन खुर्चीवर बसले की विसावा वाटे. रविवार म्हणजे सगळ्यांची डोक्यावरून न्हाणी, आठवड्याची चादर-अभ्रे, दळण, पुरुषमंडळी दहा वाजता उठणार म्हणून पोह्यांचा दोनदा घाणा, आणि बाराच्या सुमाराला 'आज काहीतरी वेगळे कर' ही फर्माईश. इंदूरच्या रविवारात दाल-बाफल्यांचे स्थान काय आहे ते आपण जाणता. बाफले उकडायचे, मग भाजायचे, मग तुपात बुडवायचे. खाणाऱ्याला पुढचे तीन तास झोप आणि करणारीला पुढचे दोन तास भांडी. पाताळपाणीला सहल निघाली तरी डबे भरणारे हात तेच.

रामबागकर भाऊंच्या चार पिढ्यांमध्ये आजोबा आहेत, वडील आहेत, ते स्वतः आहेत, मुलगा आहे. सून आली ती शेवटी, आणि तीसुद्धा नोकरी करते म्हणून. आजी आणि आई यांचा आठवडा कसा होता हे लिहिलेले नाही. तो लिहिला तर दिसेल की त्यांच्या आठवड्याला सातवा दिवस नव्हताच. सणाच्या दिवशी काम दुप्पट होते आणि घरातल्या पुरुषांच्या सुट्टीच्या दिवशी दीडपट.

हे केवळ माझे गाऱ्हाणे समजू नये. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे रोजचे २९९ मिनिटे विनामोबदला घरकामात जातात असे दिसले, पुरुषांचे ९७. २०२४ च्या सर्वेक्षणात स्त्रियांची २८९ झाली आणि पुरुषांची ८८. स्त्रियांचे काम दहा मिनिटांनी हलके झाले हे वाचून आनंद मानावा, तोवर पुरुषांनीही आपली नऊ मिनिटे कमी करून घेतली आहेत! मिक्सर आला, गॅस आला, कपडे धुण्याचे यंत्र आले, पण रविवारच्या अपेक्षाही त्याच वेगाने वाढल्या.

तरीही एक बदल मी पाहिला आहे आणि तो नमूद केला पाहिजे. सानंद या संस्थेच्या नाटकांचे प्रयोग शनिवार-रविवारी असतात. आमच्या वयाच्या कित्येक बायकांनी सभासदत्वाच्या निमित्ताने पहिल्यांदा असे म्हणायला सुरुवात केली की आज संध्याकाळी मी घरी नाही, जेवणाचे तुम्ही पाहा. तिकीट आधीच काढलेले असते, वेळ ठरलेली असते, म्हणून कोणाला मोडता घालता येत नाही. नुसते 'मला विश्रांती हवी' म्हटले असते तर कोणी ऐकले नसते.

कापडवाला

बाजाराची बाजू कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. आमचा व्यवसाय कापडाचा. आजोबांचे घाऊक दुकान महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये होते, आता माझे तयार कपड्यांचे किरकोळ दुकान राजवाड्याच्या बाजूला आहे.

घाऊक बाजारात सुट्टी बाजाराची असते, दुकानाची नसते. सगळे बंद म्हणून आपण बंद. आजोबांची खरी सुट्टी दिवाळीनंतरची: लक्ष्मीपूजन झाले की मुहूर्ताचे सौदे होईपर्यंत शटर वर जात नसे, मुनीम, हमाल, दलाल सगळे आपापल्या गावी. १९५८ च्या दुकान कायद्याने, ज्याला आपण सगळे गुमास्ता म्हणतो, आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवणे आले, तेव्हा घाऊकवाल्यांना फारसा फरक पडला नाही.

किरकोळीचे गणित उलटे आहे. रामबागकर काकांना ज्या दिवशी सुट्टी, त्या दिवशी ते खरेदीला येणार; म्हणजे त्यांचा रविवार हाच माझा गल्ल्याचा दिवस. पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हा नोकरदारांना दोन दिवस मिळाले आणि आमच्या मुलांचे, म्हणजे दुकानात उभ्या राहणाऱ्या मुलांचे, दोन दिवस कडक झाले. त्यांना मी मंगळवारी किंवा बुधवारी पाळीपाळीने सुट्टी देतो. मंगळवारी त्यांचे मित्र कामावर असतात, मुले शाळेत असतात. सुट्टी मिळते, पण तिचे करायचे काय, असे एक जण मला म्हणाला होता. बीआरटीएस या जलद बसमार्गाच्या कडेची दुकाने रात्रभर उघडी ठेवायची परवानगी २०२२ मध्ये मिळाली आणि २०२४ मध्ये बंद झाली. त्या काळात किती जणांनी रात्री दोन वाजता शर्ट विकत घेतले ते मला ठाऊक नाही, पण पहाऱ्याला आणि काउंटरला माणूस मात्र लागत होता.

आणखी एक. नव्या दुकानाचे फर्निचर करताना सुताराने पहिल्याच दिवशी सांगितले की अमावास्येला काम बंद. आपल्या माळव्यात मिस्त्री, सुतार यांच्यात ही चाल अजून टिकून आहे. पंधरा-वीस माणसे एकाच दिवशी मोकळी असतात. रामबागकर ज्याला सामाईक सुट्टी म्हणतात ती आजही पंचांगवाल्यांकडेच दिसते.

निशाचर

मी रामबागकर काकांच्या मुलाच्या जागी आहे, म्हणजे शनिवार-रविवार सुट्टी असलेल्या वर्गात. ती सुट्टी कशी असते ते सांगतो.

आमचा ग्राहक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. उन्हाळ्यात तो आपल्या साडेनऊ तास मागे असतो आणि हिवाळ्यात साडेदहा. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळे हलली की आमची रात्रीची जेवणेही तासाभराने हलतात. त्याचा शुक्रवार संपतो तेव्हा आपल्याकडे शनिवारची पहाट झालेली असते. शुक्रवारी संध्याकाळी त्याने संगणकावर काही नवीन चढवले आणि ते बिघडले, तर फोन येतो शनिवारी सकाळी, पोह्यांच्या वेळेला. त्याउलट सोमवारची सकाळ आमच्याकडे सामसूम असते, कारण तिकडे अजून रविवार चालू आहे. माझी खरी निवांत वेळ सोमवारी सकाळची आहे आणि त्या वेळी मी कार्यालयात असणे बंधनकारक आहे.

सणांचेही तसेच. नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांचा सण येतो तेव्हा आम्ही रिकामे बसतो, आणि दिवाळीत कोणीतरी एकाने फोन उचलण्यासाठी थांबायचे असते. रंगपंचमीला शहरात स्थानिक सुट्टी असते, गेर म्हणजे रंगांची मिरवणूक निघते, राजवाड्यापाशी मुंगीला वाट नसते. मी एकदा खोलीची खिडकी लावून घेऊन कॉलवर बसलो होतो आणि पलीकडचा गृहस्थ मागून कसला आवाज येतो आहे म्हणून चौकशी करत होता.

मार्च २०२० पासून घरून काम सुरू झाले. जाण्यायेण्याचा वेळ वाचला ही गोष्ट खरी, पण तो वेळ माझ्या खात्यात जमा झाला नाही. पूर्वी गाडी पार्किंगमधून निघाली की दिवस संपला हे सर्वांना मान्य होते. आता संगणक मिटवला तरी फोनवर संदेश येत राहतो आणि 'फक्त दोन मिनिटे' ही जगातील सर्वांत लांब मुदत आहे. अशात २०२३ मध्ये एका नामांकित उद्योगपतींनी तरुणांना आठवड्याला सत्तर तासांचा उपदेश केला आणि २०२५ मध्ये दुसऱ्या एकांचे नव्वद तासांचे वक्तव्य गाजले. नियमावली यांनी दिलेले आकडे पाहता सत्तर म्हणजे १९२२ च्याही मागे जाणे आहे, हे त्या वेळच्या चर्चेत कोणी मांडलेले मी तरी ऐकले नाही.

मालवामिल यांच्या वडिलांची पाळी आणि माझे काम यांत मला एक फरक जाणवतो. त्यांचा भोंगा सगळ्या मोहल्ल्याला ऐकू येत असे, त्यामुळे ते कधी कामावर आहेत आणि कधी नाहीत हे घराला ठाऊक असे. मी दिवाणखान्यात बसलेलो असतो आणि आई येऊन विचारते, आत्ता बोलू का?

रामबागकर

सर्वांचे मनापासून आभार. शेवंतीताई, आजी-आईंविषयी आपण म्हणालात त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही. घरी विचारले तर बहीण म्हणाली की आईला सुट्टी मिळे ती माहेरी गेल्यावर, आणि तीही पहिले दोन दिवस.

मात्र माझा मुद्दा मी सोडणार नाही, उलट आपण सर्वांनी तो अधिक घट्ट केला आहे असे मला वाटते. गिरणीवाल्यांना झाँकीच्या मांडवात जे मिळाले ते काय होते? कापडवाल्यांच्या दुकानातल्या मुलाला मंगळवारी काय सापडत नाही? शेवंतीताईंना नाटकाच्या तिकिटाने जे मिळवून दिले, ते तरी काय? प्रत्येक ठिकाणी प्रश्न किती तास मोकळे मिळाले हा नाही. ते तास दुसऱ्या कोणाच्या तासांशी जुळतात का आणि ते आधीपासून ठरलेले आहेत का, हा आहे. मालवामिल यांचा आक्षेप तेवढा वेगळा आहे. ज्याला पगारी सुट्टीच नाही त्याच्यापुढे जुळण्या-न जुळण्याची चर्चा ही चैन आहे, हे मला मान्य आहे, आणि त्याचे उत्तर जुळवाजुळवीत नाही, कायद्यात आहे.

नियमावली, एक विचारू का? सुनेची सुट्टी दोन दिवस आधी कळते, तशी सुट्टी आयत्या वेळी बदलण्यावर काही बंधन असते का?

नियमावली

कारखान्यांपुरते उत्तर स्पष्ट आहे. १९४८ च्या कायद्यात आठवड्याचा पहिला दिवस सुट्टीचा धरलेला होता. त्या दिवशी काम करवून घ्यायचे तर त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुट्टी द्यावी लागे, तशी सूचना आधी लावावी लागे, आणि काहीही झाले तरी पूर्ण सुट्टीविना सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम करवता येत नसे. विशेष सवलतीमुळे सुट्टी बुडाली तर ती त्या महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत भरून देण्याची तरतूद होती. रुग्णालये, दुकाने, कार्यालये यांचे नियम वेगळे. तेथे आठवड्याला एक सुट्टी मिळाली की कायद्याचे समाधान होते. ती कोणत्या वारी पडेल हे किती आधी सांगायचे, हा प्रश्न बहुतेक वेळा व्यवस्थापनावर सोपवलेला असतो. आपल्या सूनबाईंनी महिन्याचे वेळापत्रक आगाऊ मागावे. लेखी मागितले तर पुष्कळ ठिकाणी मिळते, असा माझा अनुभव आहे.

कापडवाला

आगाऊ वेळापत्रकाचे आमच्या दुकानात मी करून पाहिले आहे. फळ्यावर पंधरा दिवसांची नावे लिहून ठेवतो. मुलांना ते आवडले. दोघांनी आपसांत वार बदलून घेऊन एकाच दिवशी सुट्टी जुळवली आणि उज्जैनला जाऊन आले. लग्नसराईत मात्र फळा पुसावा लागतो. वैशाखात चार मुहूर्त लागोपाठ आले की कोणाला नाही म्हणायचे, गिऱ्हाइकाला की मुलाला, ते मला अजून जमलेले नाही.

मालवामिल

लग्नसराईतला जादा दिवस पगारी धरता ना?

कापडवाला

धरतो. दीडपट देतो, आणि आषाढात दुकान थंड असते तेव्हा ती सुट्टी परतही करतो. आमच्या रांगेत सगळेच करतात असे मात्र म्हणवत नाही.